चालान भरले म्हणजे संपले का?



पांढुर्ण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४७ जातो, सौंसरहून ५४७. रस्ता मोकळा दिसला की गाडीचा काटा पुढे सरकतो. म्हणून आधी गणित पाहू. ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत एवढे अंतर निघून जाते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते.

आता कायदा पाहू. २०१९ च्या दुरुस्तीनुसार वेगमर्यादा ओलांडल्यास हलक्या मोटारीला १००० ते २००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास लायसन्स जप्त होते. ब्रिटनमध्ये लायसन्सवर दोषांक चढतात. तीन वर्षांत १२ झाले की ते जाऊ शकते.

चालान आले तर घरी लपवू नका. गाडीचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ तपासा. चूक आपली असेल तर मुदतीत दंड भरा. नसेल तर पुराव्यासह हरकत घ्या. मोबाईलवर आलेल्या अनोळखी लिंकवर पैसे भरू नका.

पालकांनो, अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. शिकवणीला सायकलने पोहोचायला दहा मिनिटे जास्त लागतील, तेवढी लागू द्या.

स्वाध्याय : ताशी ९० कि.मी. वेगाने गाडी एका सेकंदात किती मीटर जाईल? उत्तर काढून घरी सर्वांना सांगा.