आल्फ्रेड हुगेनबर्ग : हिटलरला हाताशी धरायला गेलेला नेता



दोन महायुद्धांच्या मधला जर्मनी म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, हिटलर. पण हिटलर काही एकट्याच्या बळावर सत्तेवर आला नाही. त्याला दार उघडून देणारी माणसं होती. ती चांगली शिकलेली, श्रीमंत आणि समाजात मान असलेली होती. त्यांच्यापैकी एक म्हणजे आल्फ्रेड हुगेनबर्ग. आज त्याची ओळख करून घेऊया.

सुरुवातीचे जीवन

हुगेनबर्गचा जन्म १९ जून १८६५ रोजी हॅनोव्हर येथे झाला. त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, सरकारी नोकरी केली आणि १९०९ मध्ये तो क्रुप या प्रसिद्ध पोलाद व तोफा बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या पदावर गेला. जर्मनीने इतर देशांवर वर्चस्व गाजवावे, असे त्याचे तरुणपणापासूनचे मत होते.

वर्तमानपत्रांचा मालक

१९१६ मध्ये त्याने बर्लिनची शेर्ल ही मोठी प्रकाशन संस्था ताब्यात घेतली. पुढे बातम्या पुरवणारी संस्था आली आणि १९२७ मध्ये 'उफा' ही देशातली सर्वात मोठी चित्रपट कंपनीही आली. खरी गंमत वेगळीच होती. छोट्या गावांतल्या वर्तमानपत्रांकडे स्वतःचे बातमीदार ठेवायला पैसे नसायचे. हुगेनबर्गची संस्था त्यांना छापायला तयार मजकूर स्वस्तात द्यायची. वाचणाऱ्याला वाटायचं, हे आपल्या गावचं वर्तमानपत्र आहे. पण आतले विचार बर्लिनहून आलेले असायचे!

पक्षाचा अध्यक्ष

तो जर्मन राष्ट्रीय जनता पक्ष या परंपरावादी पक्षाचा नेता होता. या पक्षाला राजेशाही प्रिय होती आणि व्हर्सायचा तह अजिबात मान्य नव्हता. १९२८ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा १०३ वरून ७३ वर आल्या. त्यानंतर हुगेनबर्ग अध्यक्ष झाला आणि त्याने पक्षाला आणखी टोकाला नेले.

१९२९ मध्ये युद्धाची नुकसानभरपाई ठरवणारी यंग योजना आली. तिचे हप्ते १९८८ पर्यंत चालणार होते. त्याविरुद्ध हुगेनबर्गने मोहीम काढली आणि हिटलरला सोबत घेतले. सार्वमतात ही मोहीम साफ हरली. १४ टक्के मतदारांनीही पाठिंबा दिला नाही. पण तोवर हिटलर मोठ्या नेत्यांच्या शेजारी बसलेला लोकांनी पाहिला होता. स्वतःच्या पक्षातले मवाळ नेते मात्र वैतागून बाहेर पडले.

१९३० च्या निवडणुकीचा निकाल पाहा. हुगेनबर्गचा पक्ष ७३ वरून ४१ वर आला. हिटलरचा पक्ष १२ वरून १०७ वर गेला!

३० जानेवारी १९३३

एवढं होऊनही हुगेनबर्ग शहाणा झाला नाही. हिटलरला चॅन्सेलर करायचे ठरले. मंत्रिमंडळात हिटलरसह नाझी फक्त तीनच, बाकी बहुतेक परंपरावादी. त्यांना वाटलं, आपण याला सहज आवरून धरू. हुगेनबर्गला अर्थव्यवस्था आणि शेती अशी दोन खाती मिळणार होती.

शपथविधीच्या सकाळी हिटलरने पुन्हा निवडणूक घेण्याचा हट्ट धरला. यात धोका आहे हे हुगेनबर्गला कळत होतं. त्याने विरोध केला, वाद झाला. निकाल काहीही लागो, मंत्रिमंडळ बदलणार नाही, असा शब्द हिटलरने दिला. आत राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वाट पाहत होते. शेवटी हुगेनबर्ग नमला.

५ मार्चच्या निवडणुकीत नाझींना ४३.९ टक्के मते मिळाली, म्हणजे बहुमत नव्हते. ते पूर्ण झाले हुगेनबर्गच्या आघाडीच्या ८ टक्क्यांनी. २३ मार्चला संसदेने आपले अधिकार हिटलरच्या सरकारला देऊन टाकले, त्यालाही त्याच्या पक्षाने होकार दिला. मग हिटलरला त्याची गरजच उरली नाही.

शेवट

जून १९३३ मध्ये लंडनच्या आर्थिक परिषदेत हुगेनबर्गने जर्मनीसाठी वसाहती आणि पूर्वेकडे जमीन मागितली. त्याच्याच सरकारने त्याला उघडे पाडले. २७ जूनला त्याने राजीनामा दिला, त्याच दिवशी पक्षही विसर्जित झाला. मंत्रिपद पाच महिनेसुद्धा टिकले नाही. पुढे त्याचा बातम्यांचा कारभारही हळूहळू नाझींच्या ताब्यात गेला. १२ मार्च १९५१ रोजी तो वारला.

यातून काय शिकायचे?

हुगेनबर्ग फसला, असं आपण म्हणतो. पण तो भोळा नव्हता. त्याला लोकशाही नकोच होती, म्हणून ती मोडणारा माणूस त्याला कामाचा वाटला. दुसऱ्याचं घर जाळायला आग हातात घेतली की ती आपलं घर ओळखत नाही, एवढंच तो विसरला.

विचार करा : ३० जानेवारीच्या सकाळी हुगेनबर्ग 'नाही' म्हणून ठाम राहिला असता, तर काय झाले असते? पाच-सहा ओळींत तुमचे मत वहीत लिहा.