टाळेबंदी गेली, सवयी राहिल्या



वस्तीत रक्तदाब तपासायला बसले की मी प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारते, "हा त्रास कधीपासून?" झोप लागत नाही, वजन वाढलंय, पोरगं मोबाईल सोडत नाही, पित्त उसळतं. तक्रारी वेगवेगळ्या असतात, पण उत्तर पुष्कळदा एकच येतं, "लॉकडाऊनपासून, सिस्टर." आता त्याला पाच वर्षं होऊन गेली. आजार आला तसा ओसरला, पण त्या दिवसांत घराचं जे वेळापत्रक मोडलं ते बऱ्याच घरांत पुन्हा कुणी बसवलंच नाही. आजच्या पानावर तेवढंच पाहायचं आहे.

थोडी आठवण करून देते. २२ मार्च २०२० ला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी लागली आणि २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी. ते २१ दिवस नेमके १४ एप्रिलला संपायचे होते. पण १२ एप्रिलला सोलापूर शहरात पहिला रुग्ण नोंदला गेला आणि जयंतीच्या सकाळीच टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचं टीव्हीवर सांगितलं गेलं. ज्या शहरात मिरवणुकीसाठी कितीतरी आधीपासून लेझीमचा सराव चालतो, तिथे त्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या घरात मेणबत्ती लावून वंदना घेतली. ७ मेची बुद्धपौर्णिमाही तशीच गेली.

सोलापूरचा दिवस पूर्वी गिरणीच्या भोंग्यावर चालायचा, हे आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेलं आहे. गिरण्या गेल्या, पण घड्याळ राहिलं. यंत्रमागाची पाळी, बिडी कारखान्यात माल द्यायची वेळ, शाळेची घंटा, आणि चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी. टाळेबंदीत यातलं सगळं थांबलं, फक्त नळ तेवढा राहिला. पाणी पहाटे आलं तर घर पहाटे जागं, नाहीतर सकाळी दहापर्यंत अंथरुणं तशीच. त्यातून दिवसातून दहा वेळा हात धुवा असं सांगितलं जात होतं. पाच दिवसांच्या साठवणीच्या पाण्यात हात किती वेळा धुवायचे, याचा हिशेब ज्या बाईने घातला तिलाच माहीत.

आता शरीराचं सांगते. आपल्या शरीरातही एक घड्याळ असतं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला, ठरल्या वेळी जेवण झालं, अंग हललं की ते घड्याळ लागतं. संध्याकाळी अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचा रस तयार होऊ लागतो आणि झोप येते. रात्री बारापर्यंत मोबाईलचा उजेड तोंडावर असला तर हा रस उशिरा तयार होतो. झोप उशिरा, उठणं उशिरा, नाष्टा नाही, जेवण तीनला, रात्रीचं साडेदहाला. असं महिनोन् महिने चाललं की साखर आणि रक्तदाब दोन्ही वर सरकतात, आणि कारण नसताना चिडचिड होते. "याच्या डोक्यात काय शिरलंय" असं आपण म्हणतो, पण शिरलेलं काही नसतं, झोप मोडलेली असते.

दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं असली की हे आणखी अवघड होतं. तिथे एकाची झोप म्हणजे दुसऱ्याचं जागरण. उकाड्यात पोरं रात्री दोनपर्यंत गच्चीवर लुडो खेळायची आणि दुपारी घरात झोपायची. बाईला दुपारी भांडी वाजवायचीही चोरी. पुरुष कधी नव्हे ते दिवसभर घरी, त्यामुळे चहा दोनाचे सहा वेळा. त्या काळात फोनवर फिरत होतं की घरी बसा, छंद जोपासा, केक करा. आपल्या वस्तीतल्या किती बायांना त्यासाठी वेळ मिळाला? बिडीचं पान-तंबाखू मिळणं बंद, म्हणजे हजारामागची मजुरी बंद. घरकाम करणाऱ्यांना बंगल्याच्या फाटकातूनच परत पाठवलेलं. कमाई गेली आणि घरातलं काम मात्र वाढलं. ज्याला रिकामा वेळ मिळतो त्यालाच छंद जमतो, आणि घरात तो वेळ कुणाला मिळतो हे पाहिलं की त्या घरातली समता कळते. वंदना म्हणताना आपण सगळे एका रांगेत बसतो, मग भांड्यांच्या वेळी एकटीच का बसते?

आणि काही घरांत तर टाळेबंदी नव्हतीच. सफाई कामगार, आशाताई, वॉर्डबॉय, आया, आमच्यासारख्या परिचारिका रोज कामावर जात होत्या. यातले कितीतरी जण आपल्याच वस्त्यांतले. ड्युटीवरून आलं की बाहेरच अंघोळ करायची, कपडे साबणाच्या पाण्यात टाकायचे, वेगळं झोपायचं, लेकराला जवळ घ्यायचं नाही. सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना १० मार्चला प्राण सोडला, त्याची आठवण तेव्हा आम्हाला वरचेवर व्हायची.

खाण्याचंही बदललं. आपण ज्वारीच्या मुलखातली माणसं, भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेली. त्या उन्हाळ्यात रेशनवर माणशी पाच किलो मोफत तांदूळ मिळाला आणि त्या तांदळाने घरं जगली, हे विसरून चालणार नाही. पण भाजी बाजार बंद, डाळ महाग, म्हणून तीन वेळा भात आणि मध्ये चहा-बिस्कीट, ही सवय लागली ती लागलीच. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी रात्रीच्या जेवणात एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि वाटीभर डाळ असं परत आणावं. भात एक वेळ, तोही थोडा. मीठ सगळं मिळून माणशी दिवसाला चहाचा एक सपाट चमचा, यापेक्षा जास्त नको. यात लोणचं-पापडातलं मीठही आलं.

मिश्रीबद्दल तर बोलायलाच हवं. पूर्वी सकाळी-संध्याकाळी दोनदा लावणाऱ्या बाया टाळेबंदीत पाच-सहा वेळा लावू लागल्या. हात रिकामे, मनात काळजी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने नाडी आणि रक्तदाब वाढतो, झोप उडते, हिरड्या सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती राहते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर सिव्हिलला जाऊन दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखत नाहीच.

दारूचंही तसंच. मार्चअखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत दुकानं बंद होती. कित्येक घरांत त्या दीड महिन्यात शांतता होती, बायकांनी मला ते हसून सांगितलं आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येते, नसलेलं दिसू लागतं. याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करू नयेत, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको, तरी सांगते. हा आजार आहे, त्यात माणूस दगावू शकतो आणि त्यावर औषध आहे. पाचवं शील आपण रोज म्हणतो. ते पाळायचं ठरवलेल्या जुन्या पिणाऱ्याने डॉक्टरला विचारून सोडावी, घरात कोंडून नव्हे.

सगळंच वाईट झालं असंही नाही. केशकर्तनालयं २८ जूनपर्यंत बंद होती, तेव्हा पोरांनी एकमेकांचे केस कापून पाहिले. पहिल्या-पहिल्या डोक्यांकडे बघवत नव्हतं, पण त्यातल्या एक-दोघांचा आज तोच धंदा आहे. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या गेल्या. तेलाच्या डब्यांत कोथिंबीर, पुदिना लावला गेला. ५ जुलैला आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला तेव्हा विहार बंद होता, तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन घराघरांत, काही ठिकाणी फोनवर झालं. ज्या आज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना नातवंडांनी वाचून दाखवलं. २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ कार्यक्रम सुरू झाला. ज्या घरात अभ्यासाचा मोबाईल नव्हता तिथे शेजारच्या टीव्हीपुढे चार घरची मुलं बसायची. ते शेजारपण मला फार मोलाचं वाटतं.

छंद म्हणजे श्रीमंतांचं काम, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बाबासाहेब मधुमेहाने त्रस्त होते, कामाचा डोंगर होता, तरी उतारवयात ते व्हायोलिन शिकायला बसले. हातांना आणि मनाला गुंतवणारं काम दिवसातून अर्धा तास जरी केलं तरी श्वास संथ होतो, मिश्रीची आणि मोबाईलची आठवण कमी होते. गाणं, गोधडी, लेझीम, चित्र, वाचन, काहीही चालेल. मोबाईलवर दुसऱ्याचं नाचणं बघत पडणं यात मी धरत नाही.

गोळ्यांचा मुद्दा मात्र सगळ्यात गंभीर. टाळेबंदीत अनेकांनी सिव्हिलला जायच्या भीतीने रक्तदाबाची गोळी बंद केली. काही झालं नाही, म्हणून नंतरही सुरू केली नाही. रक्तदाब दुखत नाही, तो आतल्या आत मूत्रपिंड, डोळे, मेंदूच्या नसा खराब करतो आणि मग एके दिवशी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० पेक्षा जास्त वेगवेगळ्या दिवशी दोनदा आला तर डॉक्टरांना दाखवा. बंद केलेली जुनी गोळी मनाने सुरू करू नका, आधी मोजून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात मोजायला पैसे लागत नाहीत.

मग घराचं घड्याळ परत कसं लावायचं? झोपण्याच्या वेळेपासून सुरुवात करू नका, ते जमत नाही. उठण्याची वेळ आधी बांधा. रविवारसुद्धा तीच. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेर उजेडात राहा, पाणी भरणं, अंगण झाडणं, काहीही करत. रात्रीचं जेवण आठच्या आत. नऊनंतर घरातले सगळे मोबाईल एका फळीवर, चार्जिंगला. मोठ्यांचाही तिथेच, नाहीतर पोरं ऐकणार नाहीत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास तरी झोप लागते, मोठ्या मुलांना आठ, आपल्याला सात. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चाला. बिडी वळणाऱ्या बहिणींनी तासाभराने मांडीवरचं सूप खाली ठेवून उठावं, दोन्ही हात वर ताणावेत, मान हळूहळू डाव्या-उजव्या बाजूला वळवावी, घोटभर पाणी प्यावं. दोन मिनिटांत पंचवीस बिड्या कमी होत नाहीत.

आणखी एक काम द्यायचं आहे. वहीच्या पानावर दिवसाचे २४ तास मांडा, घरातल्या प्रत्येकासाठी एक रकाना करा, कोण कोणत्या तासाला काय करतं ते मुलाकडून लिहून घ्या. ज्या रकान्यात विश्रांतीचा एकही तास नाही तो कुणाचा आहे ते घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा, आणि तिचं एक काम त्याच दिवशी दुसऱ्याने उचला. भांडी असोत की पाणी भरणं, किंवा मुलांचा डबा. तो मोकळा झालेला अर्धा तास तिचा, त्यात तिने काय करायचं हे तिला कुणी विचारायचं नाही.

ते पान आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन या, रक्तदाबाचं यंत्र माझ्याकडे असेल. मिश्री सोडताना पहिले दहा दिवस काय होतं आणि तेव्हा तोंडात काय धरायचं, ते पुढच्या अंकात.