टोळधाड आणि अधिजनुकशास्त्र : एक कीटक, दोन रूपे

२७ जून २०२० रोजी दिल्लीलगतच्या गुरुग्राम शहरावर वाळवंटी टोळांचे थवे येऊन धडकले. त्याआधी मे महिन्यात ही टोळधाड राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांपर्यंत पोहोचली होती. एक चौरस किलोमीटर थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. असा लहान थवाही एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांना पुरेल इतके अन्न फस्त करतो. एरवी मात्र हाच टोळ वाळवंटात एकेकटा वावरणारा निरुपद्रवी कीटक असतो. त्याच्यातील या बदलाचा उलगडा करण्यास अधिजनुकशास्त्र साहाय्यभूत ठरते.

एकाच जातीची दोन रूपे

स्वतंत्र जाती मानले गेलेले टोळ वस्तुतः एकाच जातीची दोन रूपे आहेत, हा सिद्धान्त रशियन वंशाचे ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ मध्ये मांडला. एकाकी रूपातील टोळ आपल्या जातभाईंना टाळतो व रात्री उडतो. सामूहिक रूपातील पिल्ले काळ्या-पिवळ्या रंगाची असून ती जथ्याने पुढे सरकतात. प्रौढ टोळ दिवसा थव्याने उडतात.

वाळवंटात चांगला पाऊस झाला की टोळांची संख्या वाढते. पुढे हिरवळ आटू लागते आणि उरलेल्या झुडपांवर त्यांची दाटी होते. मागच्या पायांना इतर टोळांचा वारंवार स्पर्श झाल्याने मज्जासंस्थेत सेरोटोनिन हे रसायन वाढते व काही तासांतच टोळाचे वर्तन पालटते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. रंग व शरीररचना मात्र कात टाकण्याच्या टप्प्यांतून आणि पुढील पिढ्यांतून बदलत जाते.

जनुके तीच, वापर वेगळा

या दोन्ही रूपांत डीएनएचा क्रम एकच असतो. बदलते ती जनुकांची क्रियाशीलता. डीएनएला जोडले जाणारे मिथिल गट, डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांतील बदल आणि लहान आरएनए रेणू यांमुळे कोणती जनुके कार्यरत राहतील हे ठरते. या नियमनाचा अभ्यास म्हणजेच अधिजनुकशास्त्र होय. दाटीत वाढलेल्या मादीच्या अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले जन्मतःच सामूहिक वृत्तीकडे झुकलेली असतात. म्हणजेच मातेने अनुभवलेल्या परिस्थितीचा ठसा संततीवर उमटतो.

मधमाशीचे उदाहरणही बोलके आहे. राणी व कामकरी माशी यांची जनुके सारखीच असतात. अळीला मिळणाऱ्या आहारावरून तिचे भवितव्य ठरते. २००८ मधील एका प्रयोगात मिथिल गट जोडणाऱ्या विकराचे जनुक अळ्यांमध्ये निष्प्रभ करण्यात आले, तेव्हा त्यांतील बहुसंख्य अळ्या राणीसारख्या वाढल्या. तथापि हीच यंत्रणा सर्व कीटकांत सारखीच आढळते असे नाही. फळमाशीत मिथिल गटांचे प्रमाण अत्यल्प असून तेथे हिस्टोनमधील बदलांना अधिक महत्त्व आहे.

धोरणात्मक महत्त्व

भारतात टोळ इशारा संघटना १९३९ पासून कार्यरत आहे. फरिदाबाद येथील केंद्रीय वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत ती मुख्यतः राजस्थान व गुजरातमधील सुमारे २ लाख चौरस किलोमीटर वाळवंटी क्षेत्राची पाहणी करते. २०२० मध्ये फवारणीसाठी ड्रोनचाही वापर झाला. त्या संकटाचे मूळ २०१८ मध्ये अरबी द्वीपकल्पात दोन चक्रीवादळांमुळे झालेल्या पावसात होते. त्यामुळे पर्जन्य व हिरवळीची माहिती शेजारी देशांशी वेळीच वाटून घेणे अपरिहार्य ठरते.

थवा आकाशात झेपावल्यावर त्याचा पाठलाग खर्चिक होतो व कीटकनाशकही अधिक लागते. टोळाचे रूप दाटीमुळे पालटते. म्हणूनच पिल्लांना पंख फुटण्यापूर्वी आणि त्यांची दाटी होऊ लागताच केलेले नियंत्रण सर्वांत परिणामकारक ठरते. गुरुग्रामवर आलेल्या संकटाला अटकाव करण्याची खरी जागा शेकडो किलोमीटर दूर, वाळवंटातील ओल्या वाळूत होती.