काचेच्या ग्लासातली मेणबत्ती: सजवायची कशी, विकायची कितीला



दिवाळीच्या स्टॉलसाठी काय करायचं, हा विषय गणपती झाले की प्रत्येक गटात निघतो. यंदा बऱ्याच गटांनी काचेच्या ग्लासातल्या साध्या मेणबत्त्या आणून, त्या रंगवून विकायचं ठरवलंय. कल्पना चांगली आहे. मेण वितळवायची कटकट नाही, साचे नाहीत, चुलीपाशी पोरंबाळं भाजायची भीती नाही. होलसेलमधून पांढरी मेणबत्ती आणायची आणि आपलं काम फक्त ग्लासाच्या बाहेरच्या बाजूला करायचं. पण विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन पेटणार आहे, हे तोरण किंवा उशीच्या अभ्र्यासारखं नाही. म्हणून हा धडा जरा सविस्तर लिहिते.

आधी माल बघून घ्या. ग्लास जाड बुडाचा हवा. काचेत बुडबुडा, चरा किंवा केसाएवढी जरी चीर दिसली तरी तो नग बाजूला काढा, कारण गरम झाल्यावर काच तिथूनच तडकते. मग वरून बघा, वात बरोबर मधोमध आहे का? वात एका बाजूला असली की ज्योत त्या बाजूची काच तापवते, आणि आपण नेमका तिथेच कागद चिकटवलेला असतो. असे नग दुकानदाराला परत करायचं आधीच बोलून ठेवा.

ग्लासावरचं स्टिकर निघत नसेल तर त्यावर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा आणि कापडाने पुसा. तेलाचा अंश राहिला तर ना रंग धरतो ना गोंद. म्हणून नंतर कापसावर स्पिरिट घेऊन काच पुसून घ्यायची. जवळ चूल, गॅस, उदबत्ती काही पेटतं नको. पुसल्यावर ग्लास काठाला धरून उचला, बोटांचे ठसेसुद्धा तेलकटच असतात.

आता कागद. पतंगाचा पातळ कागद सगळ्यात बरा. त्यातून उजेड छान झिरपतो आणि ताव स्वस्त मिळतो. आकाशकंदील घरी करणाऱ्या बायकांना घडी घालून नक्षी कापायचं काय शिकवायचं? तेच हात इथे चालवा. जिलेटिन कागद मात्र नको, तो उष्णतेने आकसतो. चमकीचा कागद, लोकर, लेस, लोंबत्या झिरमिळ्या यातलंही काही नको. कितीही सुंदर दिसलं तरी ज्योतीजवळ लोंबणारी वस्तू आपण विकायची नाही. रंगीत कागदाचा तुकडा आधी ओल्या बोटाने घासून बघा. रंग सुटला तर पांढऱ्या काचेवर डाग पडणार.

गोंदासाठी पांढरं फेविकॉल दोन भाग आणि पाणी एक भाग असं पातळ करा. घरची कणकेची खळ स्वस्त पडते खरी, पण तिला मुंग्या-झुरळं लागतात आणि बुरशी धरते. ब्रशने आधी काचेवर गोंद लावा, त्यावर कागद ठेवा आणि वरून मधून कडेकडे ब्रश फिरवत हवा काढा. गोंद पांढरा दिसतो म्हणून घाबरू नका, वाळल्यावर पारदर्शक होतो.

वरच्या काठापासून दोन बोटं जागा पूर्ण मोकळी ठेवायची. तिथे कागद नाही, रंग नाही, रिबीन नाही. कागद काठावरून आत दुमडायचा तर विचारच नको. ग्लासाच्या आतल्या बाजूला काहीच करायचं नाही.

रंगासाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्या. शाळेतला पोस्टर कलर ओला हात लागला की निघून येतो. दरवाजाचा ऑइल पेंट वाळायला वेळ घेतो आणि टर्पेंटाइनची भानगड वेगळीच. काही रंगांच्या डबीवर भट्टीत भाजून पक्का करा असं लिहिलेलं असतं. ते रिकाम्या काचेसाठी, आपल्या ग्लासात मेण आहे हं! पहिला हात पातळ द्या, वाळू द्या, मग दुसरा. दाट थर एकदम दिला की पापुद्रा सुटतो.

नक्षीला ब्रशच हवा असं नाही. मेंदीसारखा प्लास्टिकचा कोन करून त्यात फेविकॉल आणि थोडा ॲक्रिलिक रंग मिसळून भरला की उठावाची रेघ येते. ठिपक्यांना कापूसकाडी पुरते. चैत्रांगणातली गोपद्मं, कासव, तुळशीवृंदावन, ठिपक्यांची रांगोळी, ही आपल्या हातात असलेली चित्रं आहेत. वारलीसारखी माणसं काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण वारली चित्रकला ही पालघर, डहाणूकडच्या आदिवासींची कला आहे आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपण ते काम त्यांच्याकडून शिकलेलो नसू, तर लेबलावर 'वारली' असं नाव लावून विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगकाम झालं की निदान एक पूर्ण रात्र सावलीत वाळू द्या. हवा दमट असेल तर दोन रात्री. ओलसर ग्लास कागदात गुंडाळला तर नक्षी कागदाबरोबर जाते.

पॅकिंग करण्याआधी एक काम करायचंच आहे. प्रत्येक नव्या खरेदीतली, प्रत्येक नव्या डिझाइनची एक मेणबत्ती गटात बसून पेटवून बघा. पेटवण्याआधी वात पाव इंच ठेवून कापा. ग्लास स्टीलच्या ताटलीत ठेवा. तीन-चार तास जळू द्या, नंतर विझवा, गार होऊ द्या आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी लावा. तिच्याजवळून उठून जायचं नाही. कागद तपकिरी पडतोय का, रंगाचा वास येतोय का, काच कुठे जास्त तापतेय का, हे बघा. मेण खाली गेलं की ज्योतही खाली जाते आणि कागदाच्या पातळीला येते, म्हणून सुरुवातीचा तास बघून पास करू नका. शेवटचं अर्ध्या बोटाएवढं मेण राहिलं की विझवा. त्याच्याखाली गेलं की सगळी उष्णता बुडाच्या काचेला लागते. तापलेल्या ग्लासावर गार पाणी ओतायचं नाही, काच तडकते.

एका गटातल्या मावशी म्हणाल्या, "अगं, विकायची मेणबत्ती जाळायची म्हणजे नुकसान नाही का?" शंभरात एक जाळली तर प्रत्येक नगावर काही पैसे चढतात. ते हिशोबात धरायचे.

आता तो हिशोब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाका. समजा मेणबत्ती 30 रुपये, कागद-रंग-गोंद 6, डबा आणि चिठ्ठी 6, फूट आणि चाचणी 2, वाहतूक 3. झाले 47. बऱ्याच गटांत इथेच थांबतात आणि 50 ला विकतात, तीन रुपये सुटले म्हणून खूश. पण एका नगाला 20 मिनिटं हात लागले असतील, तर तासाला तीन नग म्हणजे 9 रुपये मजुरी पडली! शेतात कोण जाईल 9 रुपयांत? "घरी बसूनच तर करतो" हे वाक्य हिशोबाच्या वहीत येऊ देऊ नका. तासाचे 45 धरले तर नगामागे मजुरी 15 होते, म्हणजे खर्च 62. गटातून 100 नगांसाठी 4,700 रुपये दोन महिन्यांसाठी, शेकडा महिना 1 रुपयाने उचलले तर व्याज 94, नगामागे जवळपास 1 रुपया. खर्च झाला 63. 80 ला विकली तर मजुरी हातात पडून 17 रुपये उरतात. मजुरी करणाऱ्या ताईला तिचे पैसे आधी द्या, उरलेले गटाच्या खात्यात.

80 ला कोणी घेत नसेल तर नक्षी कमी करा, 10 मिनिटांत होईल अशी. मजुरी कापू नका.

प्रत्येक डब्यात मराठीत चिठ्ठी हवीच: "ताटलीत ठेवून लावा. पडदा, कागद, मुलं यांच्यापासून लांब ठेवा. पेटती सोडून जाऊ नका. वात पाव इंच ठेवा. अर्धं बोट मेण उरलं की विझवा." खाली गटाचं नाव आणि गावाचं नाव. दिवाळीत माल उरलाच तर फेकायचा नाही, रंग बघून नाताळसाठी ठेवता येतो. वसईसारख्या भागात डिसेंबरात मेणबत्तीला मागणी असते.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना सजवलेली नवी मेणबत्ती आणू नका, ती मी स्टॉलवर बघेनच. चाचणीत जळून संपलेला ग्लास घेऊन या.