ऐब सांगून विकलेली खोली : हॉलंडच्या एका लहान हॉटेलातील चार रात्री

परदेशात माल दाखवायला गेलेला आपला व्यापारी परत आला की दोनच गोष्टी सांगतो: तेथे भाव काय मिळतो आणि थंडी किती पडते. तो कोठे उतरला आणि त्या मुक्कामात धंद्याचे काय शिकला, हे सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः हॉटेलवालाही आपल्यासारखाच दुकानदार आहे. त्याचा माल म्हणजे खोली, आणि ती तो न दाखवताच विकतो. म्हणून या पानावर आज आम्ही एका हॉटेलाचा अनुभव मांडीत आहोत. हॉटेलाचे नाव देत नाही, कारण चांगल्याबरोबर तक्रारीही सांगायच्या आहेत.

2023 च्या नोव्हेंबर महिन्यात आम्ही तिघे मिरजेहून नेदरलँड्सला, म्हणजे ज्याला आपण हॉलंड म्हणतो त्या देशाला, वाद्यांचे नमुने घेऊन गेलो होतो. मिरजेत सतार-तंबोरे घडविण्याचे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे आणि त्यात मुसलमान कारागिरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हॉलंडच का, असे कोणी विचारील. रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात पंडित हरिप्रसाद चौरसिया यांनी अनेक वर्षे बासरी शिकविली. त्यामुळे तेथे आपले संगीत शिकणारे, शिकविणारे लोक आहेत आणि त्यांना तंबोरा लागतो. तेथील एका वाद्यविक्रेत्याने आम्हांला भेटीची वेळ दिली होती. रॉटरडॅमपेक्षा डेल्फ्ट या शेजारच्या लहान गावात खोली स्वस्त मिळाली, म्हणून तेथे उतरलो. दोन्ही गावांत रेल्वेने पंधरा मिनिटांचे अंतर आहे.

बंद दरवाजा आणि उभा जिना

शिफोल विमानतळावरून डेल्फ्टला रेल्वे पाऊण तासाच्या आत पोहोचते. पण आमचे विमान उशिरा उतरले आणि हॉटेलच्या दारात उभे राहिलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. दार बंद. घंटी वाजवली, कोणी आले नाही. पाऊस बारीक पडत होता आणि आमच्याजवळ एक मोठा तंबोरा, एक लहान तंबोरी व तीन बॅगा. अर्ध्या तासाने फोन लागला. मालकीणबाई झोपेतून उठून म्हणाल्या, “दाराशेजारी पेटी आहे, तिचा नंबर तुम्हांला पत्रात कळविला आहे.” पेटीत किल्ली होती. पत्र आम्ही वाचलेलेच नव्हते.

आत गेल्यावर जिना पाहून तिघेही गप्प झालो. जिना कसला, शिडीच ती. पायरीवर पूर्ण पाऊल मावत नाही आणि आधाराला कठड्याच्या जागी एक जाड दोर. लिफ्ट नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर. आमच्यातील वयाने मोठे कारागीर, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, त्यांचे गुडघे दुखतात. तंबोऱ्याचा भोपळा आमच्यातील एकाच्या छातीशी, दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर आणि मागून चाचा “संभालके, संभालके” म्हणत, अशी ती वरात वर पोहोचायला वीस मिनिटे लागली.

ही घरे अशी का, ते दुसऱ्या दिवशी कळले. कालव्याच्या काठची जागा महाग, म्हणून घर अरुंद बांधायचे आणि उंच न्यायचे. खाली दुकान, मध्ये बिऱ्हाड आणि माळ्यावर माल, अशी ही जुन्या व्यापाऱ्यांची घरे. माल जिन्याने चढवीतच नसत. घराच्या माथ्याला पुढे काढलेली एक तुळई असते, तिला आकडा. दोर टाकून माल बाहेरून खिडकीतून आत घेत. अशी तुळई आमच्याही खोलीच्या वर होती. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची एक शाखा याच डेल्फ्टमध्ये होती. त्याच कंपनीने 1637 साली आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला वखार घातली. म्हणजे या गल्ल्यांचा आणि आपल्या किनाऱ्याचा व्यवहार जुना आहे.

खोली, पाणी आणि पोट

खोली स्वच्छ होती, पण तीन खाटा टाकल्यावर चालायला जागा उरत नव्हती. जानमाज पसरण्यासाठी एक खाट भिंतीला लावून उभी करावी लागे. किबला तेथून आग्नेयेला येतो. त्या महिन्यात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचला मावळतो, त्यामुळे जोहर, असर व मगरिब या तीन नमाजा पाठोपाठ येतात. भेटीच्या वेळा ठरवताना हे ध्यानात ठेवावे. शौचालयात पाण्याची सोय नाही, फक्त कागद. आम्ही प्लॅस्टिकचा लोटा बरोबर नेला होता. जाणाऱ्या प्रत्येकाने न्यावा.

नाश्ता वेगळे पैसे देऊन. पाव, लोणी, चीज, उकडलेली अंडी आणि लोण्यावर भुरभुरायची चॉकलेटची बारीक कणी. ही कणी तेथे मोठी माणसेही आवडीने खातात. शेजारच्या ताटात डुकराचे मांस असते, म्हणून चिमटे-सुऱ्या वेगळ्या मागून घेतल्या. बाईंनी काही न बोलता दिल्या. जेवणाची मात्र अडचण पडली नाही. 1964 साली तुर्कस्थानशी आणि 1969 साली मोरोक्कोशी कामगार आणण्याचे करार झाले, तेव्हापासून हे लोक तेथे स्थायिक आहेत आणि त्यांची हलाल मांसाची दुकाने गावोगाव दिसतात. द हेग शहरात तर सुरिनामी लोकांची रोटीची दुकाने आहेत. 1873 पासून करारावर सुरिनामला नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे हे वंशज. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास हजारो कुटुंबे हॉलंडला आली. तेथे बटाटा, शेंगा आणि कोंबडीचा रस्सा रोटीबरोबर खाताना चाचांना दोन दिवसांनी प्रथमच पोटभर जेवल्यासारखे वाटले. दुकानदाराशी मोडक्या हिंदीत बोलणेही झाले.

भाड्यात घासाघीस चालत नाही. चार रात्री राहणार म्हणून काही कमी करा, असे आम्ही म्हटले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “लिहिलेला भाव हाच भाव.” त्यावर नगरपालिकेचा प्रवासी-कर वेगळा लागतो. तो गावागणिक निराळा असतो. अ‍ॅमस्टरडॅमने 2024 पासून तो भाड्याच्या साडेबारा टक्के केला आहे. आम्ही गेलो तेव्हा हॉटेलच्या भाड्यावर 9 टक्के मूल्यवर्धित कर होता, 1 जानेवारी 2026 पासून तो 21 टक्के आहे. पुष्कळ दुकानांत रोख पैसे घेतच नाहीत, कार्डच लागते. हिशेब करूनच निघावे.

सकाळची चीर

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या रात्री मोठा तंबोरा गवसणीतून काढून आम्ही खिडकीखाली उभा केला. जागा तेवढीच होती. खिडकीखाली गरम पाण्याचा लोखंडी रेडिएटर होता. पहाटे फजरला चाचा उठले, तंबोऱ्यावर हात फिरवला आणि तेथेच बसले. भोपळा आणि दांडी यांच्या सांध्यावर तीन बोटे लांबीची बारीक चीर पडली होती. रात्रभराच्या कोरड्या उष्णतेने सांधा सुटला होता. भेट त्याच दिवशी दुपारी दोनला.

संतापून आम्ही खाली गेलो. बाईंना म्हटले, तुमच्या रेडिएटरने आमचा माल खराब केला. बाईंनी शांतपणे आमच्या आरक्षणाचे पत्र छापून समोर ठेवले. त्यात त्यांच्या हॉटेलाचे सगळे ऐब क्रमाने लिहिले होते. लिफ्ट नाही. जिना अरुंद व उभा, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी तळमजल्याची खोली मागावी. जड सामान खालच्या कोठीत ठेवता येईल. खोली लहान. चर्चची घंटा ऐकू येते. रात्री नऊनंतर कोणी हजर नसते. आणि शेवटी: रेडिएटर जुना आहे, पूर्ण बंद होत नाही, हवा फार कोरडी होते, नाजूक वस्तू त्याच्याजवळ ठेवू नयेत.

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही फक्त छायाचित्र आणि भाव पाहिला होता. चाचांचे गुडघे, तंबोरा, बंद दार, या प्रत्येकाची सूचना आम्हांला महिनाभर आधी मिळालेली होती.

खोलीत परत आल्यावर खरा वाद झाला. आमच्यातील तरुण म्हणाला, “चाचा, लाख भरून पॉलिशचा हात मारला तर कोणाच्या बापाला दिसणार नाही. इतक्या लांब आलो, तिकिटाचे पैसे तरी निघू देत.” ते खरेही होते. चाचांच्या पेटीत लाख होती, सरस होता आणि त्यांच्या हातात चाळीस वर्षांची सफाई होती. घरी कर्ज होते. चाचा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बेटा, त्या बाईने आपल्या जिन्याचा ऐब लिहून दिला आणि तरी खोली विकली. आपण तंबोऱ्याचा ऐब झाकून विकायचा? उद्या तो सांधा पुन्हा उघडला, तर तो माणूस आपले नाही, मिरजेचे नाव घेईल.” ऐब दाखवून माल विकावा ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली आहे. त्या दिवशी ती एका हॉटेलवालीच्या कागदावरून आठवली, हे कबूल करायला आम्हांला लाज वाटत नाही.

दुपारी त्या विक्रेत्यासमोर चाचांनी चीर आधी दाखविली, मग तंबोरा छेडला. विक्रेत्याने तो तंबोरा घेतला नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण सचोटीचे फळ तेथल्या तेथे मिळते असे लिहिणे खोटे ठरेल. त्या एका वाद्याचे आमचे नुकसान झाले. पण त्याने विचारले, “सांधा का उघडला?” चाचांनी कारण सांगितले, आणि तो म्हणाला की हिवाळ्यात त्याची गिऱ्हाइके हीच तक्रार घेऊन येतात, पण कारण आजवर कोणी सांगितले नव्हते. लहान तंबोरी त्याने ठेवून घेतली. चार महिन्यांनी दोन तंबोऱ्यांची मागणी आली, अट एकच: प्रत्येक वाद्याबरोबर जपणुकीची लेखी सूचना हवी. आम्हांला सहाची आशा होती, दोन मिळाले.

न लिहिलेली तक्रार

हॉटेलच्या पत्रात एक ऐब नव्हता. टाकी लहान असल्याने दोघांच्या आंघोळी झाल्या की तिसऱ्याला गार पाणी. आम्ही तक्रार केली. बाईंनी माफी मागितली, बिलातून काही कमी केले नाही. पण निघण्याच्या दिवशी टेबलावरच्या सूचनांच्या कार्डावर हाताने लिहिलेली नवी ओळ दिसली: “तिसऱ्या आंघोळीपूर्वी अर्धा तास थांबावे.” बिल कमी केले असते तर आम्हांला अधिक बरे वाटले असते. तरी आमच्यानंतर येणारा फसणार नाही, हेही खरे.

डेल्फ्टच्या बाजारपेठेतही हीच रीत दिसली. हे गाव निळ्या नक्षीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात चिनी भांड्यांची नक्कल म्हणून हे काम वाढले. आज दुकानात हाताने रंगविलेली आणि छापील नक्षीची, दोन्ही भांडी मिळतात. आम्ही गेलो त्या दुकानात ती वेगळ्या फळ्यांवर होती आणि कोणते कसे केले ते लिहिलेले होते. हातकामाचा भाव कितीतरी पट, तरी घेणारे घेत होते. छापील माल हातकाम म्हणून खपू लागला, तर आधी कारागीर मरतो.

घेण्यासारखे धडे

1. सौदा कोणताही असो, छायाचित्र व भाव पाहून थांबू नये. बारीक अक्षरातला मजकूर शेवटपर्यंत वाचावा. इंग्रजी येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावा.

2. लाकूड, चामडे, सरस, लाख यांचा माल थंड देशात नेल्यास रेडिएटरपासून दूर, आतल्या भिंतीला ठेवावा.

3. वयस्क माणूस बरोबर असेल तर लिफ्ट आहे का, हे आधी विचारावे. रात्री उशीर होणार असेल तर आधी कळवावे.

4. भेटीच्या दिवशी आधीच एक तास मोकळा ठेवून माल तपासावा.

5. आपल्या मालाचे ऐब आपणच लिहून द्यावेत. गिऱ्हाईक ते शोधून काढते तेव्हा त्याला फसवणूक म्हणते. आपण आधी सांगितले तर त्याला माहिती म्हणते.

आता आमच्या प्रत्येक वाद्याबरोबर एक चिठ्ठी जाते. तिच्यात लिहिलेले असते: हे हाताचे काम आहे, दोन तंबोरे तंतोतंत सारखे नसतात. भोपळा नैसर्गिक आहे, त्यावरचे डाग दोष नव्हेत. धक्का सहन होत नाही. कोरड्या उष्णतेत सांधा उघडू शकतो. उघडल्यास स्वतः डिंक लावू नये, आम्हांला कळवावे.

चिठ्ठी सुरू केल्यापासून दोन गिऱ्हाइके ती वाचून परत गेली. जे राहिले, त्यांच्यापैकी एकाचीही तक्रार अजून आलेली नाही. वाचक बंधूंनो, आपापल्या मालाची अशी चिठ्ठी एकदा लिहून पाहावी. लिहिताना हात कोठे अडतो, ते पाहावे. बहुधा तेथेच आपल्या मालात सुधारणा करायची असते.