संगणकाची स्मृती आणि कोलकात्याचा उन्हाळा

घरात संगणक आला की आपण त्यासाठी टेबल घेतो, धूळ बसू नये म्हणून आच्छादन शिवतो. त्याला पुरेसा वारा मिळतो की नाही, हे मात्र क्वचितच पाहतो. बदलीनिमित्त कोलकात्यास आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या घराला या दुर्लक्षाची किंमत मोजावी लागली. माझे वडील निवृत्तीनंतर आपल्या नोकरीतील आठवणी संगणकावर लिहून काढीत होते. मे महिन्याच्या दुपारी यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले आणि एके दिवशी त्यांची चाळीस पानांची फाइल उघडेनाशी झाली. तिची दुसरी प्रत नव्हती. पासबुकातील प्रत्येक नोंद पडताळून पाहा, असे ग्राहकांना सांगणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरात हे घडावे, याची खंत अधिक होती. त्या निमित्ताने जे शिकलो, ते वाचकांसमोर ठेवीत आहे.

स्मृती म्हणजे काय?

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हार्ड डिस्क ही तिजोरी आणि रॅम, म्हणजेच स्मृती, हा रोखपालाचा काउंटर होय. तिजोरीतील ऐवज वीज गेली तरी सुरक्षित राहतो. प्रत्यक्ष व्यवहार मात्र काउंटरवरच होतो आणि वीज जाताच तो रिकामा होतो.

स्मृतीच्या चिपमध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म धारित्रात साठवलेला विद्युतभार असतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले आणि आजची स्मृतीही त्याच तत्त्वावर चालते. या रचनेत एक उणीव आहे. हा घडा गळका आहे. त्यातील भार सतत झिरपत असतो, म्हणून तो पूर्ण रिता होण्यापूर्वी वाचून पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ पर्यंतच्या चिपमध्ये साधारणतः ६४ मिलिसेकंदांत संपूर्ण स्मृतीची अशी एक फेरी पूर्ण होते.

उष्णतेने काय बिघडते?

तापमान वाढले की गळती वाढते. ढोबळमानाने दर दहा अंशांना ती दुप्पट होते, असे मानतात. म्हणूनच चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास हीच फेरी ३२ मिलिसेकंदांत पूर्ण करावी लागते. मुळातच किंचित कमकुवत असलेली चिप मात्र या मर्यादेच्या आतही चुकू शकते.

एक बिट चुकल्याने काय होणार, असे वाटेल. पूर्णांक म्हणून साठवलेली ५,००० ही रक्कम घ्या. द्विमान पद्धतीत ती ४०९६, ५१२, २५६, १२८ आणि ८ यांची बेरीज असते. त्यातील ४०९६ दर्शविणारा एकच बिट रिता झाला तर उरतात ९०४! संगणक कोणतीही सूचना देत नाही आणि ही चुकीची रक्कम तशीच तिजोरीत, म्हणजे हार्ड डिस्कवर, जाऊन बसते. मोठ्या सर्व्हरमध्ये अशी चूक शोधून दुरुस्त करणारी ईसीसी प्रकारची स्मृती वापरतात. घरगुती संगणकात मात्र ही सोय सहसा नसते.

जुनेच नाते

यंत्र आणि उष्णता यांचे हे नाते संगणकाइतकेच जुने आहे. भारतातील पहिला संगणक याच शहरात आला. प्रा. महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये इंग्लंडहून एचईसी-२एम हे यंत्र आणले गेले. त्याची स्मृती फिरत्या चुंबकीय पिंपावर होती आणि गणिते व्हॅक्यूम ट्यूबवर चालत. या ट्यूब इतक्या तापत की खोली थंड राखणे हा अशा यंत्रांच्या देखभालीचाच भाग असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या टिफरॅकमध्ये फेराइटच्या कड्यांची स्मृती होती. तशा स्मृतीलाही तापमानातील चढउतार मानवत नसत. आज खोलीभर यंत्राची जागा टेबलाखालच्या पेटीने घेतली आहे, परंतु उष्णता बाहेर काढण्याची गरज तीच आहे.

दोष नेमका कोठे?

आमच्या संगणकासाठी दुरुस्ती करणाऱ्याने स्मृतीवर बसवायचे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि छोटा पंखा सुचविला. चांदणी बाजारातून ते आणून बसविले. काहीही फरक पडला नाही.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. डीडीआर४ स्मृतीची एक पट्टी १.२ व्होल्टवर चालते आणि साधारण तीन ते पाच वॅट उष्णता निर्माण करते. शेजारचा प्रोसेसर मात्र सहज ६५ वॅट उष्णता सोडतो आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर ते त्याहूनही अधिक. म्हणजे स्मृती स्वतः फारशी तापत नाही, ती शेजाऱ्यांच्या उष्णतेने तापते. पेटीतील हवाच गरम असेल तर छोटा पंखा तीच गरम हवा स्मृतीवर फिरवीत राहतो.

आमची पेटी संगणक-टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात होती. तिची पाठ भिंतीला टेकलेली होती. पुढील जाळीवर धूळ आणि येथील दमट हवा यांनी मिळून नमद्यासारखा थर चढविला होता. हे पाहून वडील एवढेच म्हणाले, "अरे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!"

हे करून पाहा

१. पेटी बंद कप्प्यातून बाहेर काढा. मागे व बाजूंना किमान वीतभर मोकळी जागा ठेवा. हवा पुढून किंवा खालून आत जावी आणि मागून किंवा वरून बाहेर पडावी, अशी पंख्यांची दिशा असावी.

२. दर तीन महिन्यांनी वीजजोड काढून धूळ झाडा. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. स्मृतीला हात लावण्यापूर्वी पेटीच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत उतरवा.

३. दमट हवेत स्मृतीच्या पट्टीचे संपर्कबिंदू मळतात. पट्टी काढून, पुसून पुन्हा नीट बसविल्यास उष्णतेमुळे वाटणारे काही दोष तेवढ्यानेच दूर होतात.

४. स्मृती निर्धारित वेगापेक्षा अधिक वेगाने चालवली जात असल्यास ती मूळ वेगावर आणा.

५. विंडोजमधील स्मृतीतपासणी किंवा मेमटेस्ट८६ ही चाचणी एकदा सकाळी गारव्यात आणि एकदा भर दुपारी घ्या. दोन्ही वेळा चुका आढळल्यास पट्टीच सदोष आहे, ती बदला. केवळ दुपारी आढळल्यास संशय उष्णतेवर घ्यावा.

पेटीची एक बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावणे हा तात्पुरता उपाय झाला. त्याने हवेचा नेमलेला मार्ग मोडतो आणि धूळ दुपटीने साचते. शिवाय कोणताही पंखा पेटीतील तापमान खोलीच्या तापमानाखाली आणू शकत नाही. ३० एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याचा पारा ४३ अंशांवर गेला होता. अशा दुपारी महत्त्वाचे काम सकाळवर ढकलणे, हाच उत्तम उपाय.

आमच्याकडे दुपारच्या चाचणीतील चुका पेटी हलवून धूळ काढल्यावर थांबल्या. खर्च शून्य रुपये! हरवलेली चाळीस पाने मात्र परत आली नाहीत. वडिलांनी ती पुन्हा लिहावयास घेतली आहेत. आता रोज सायंकाळी त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेण्याचे काम माझ्याकडे आहे. खात्याचा ताळमेळ दिवस संपण्यापूर्वीच लावावा, हा आमच्या व्यवसायातील नियम घरातही पाळावयास हवा होता.