परक्या भाषेत स्वतःचे वाक्य

आमच्या इचोड्यात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी व लमाणी बोलणाऱ्या घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. २०२२-२३ पासून तेलंगणाच्या सरकारी शाळांत पहिली ते आठवीपर्यंत इंग्रजी माध्यम आले, आणि इंग्रजी लेखनाचा प्रश्न घरोघरचा झाला.

पुष्कळ मुले ‘गाय’, ‘माझी शाळा’ हे इंग्रजी निबंध तोंडपाठ करतात. त्यांना गुण मिळतात. परंतु काल शाळेत का आला नाहीस, हे दोन ओळींत लिही म्हटले की तीच मुले वही मिटतात. पाठांतर टाकाऊ नव्हे, त्याने भाषेचे वळण जिभेवर बसते. मात्र स्वतःचे सांगणे त्यातून येत नाही.

मराठीच्या तासाला आपण ‘पाऊस पडला नाही तर’, ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’ असे विषय देतो, मुद्द्यांवरून गोष्ट लिहवून घेतो. इंग्रजीतही हीच वाट धरावी. फक्त चालना लहान व ओळखीची हवी. ‘नागपूर-हैदराबाद रस्त्यावर रात्री एक लॉरी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला आणि...’ एवढे वाक्य फळ्यावर इंग्रजीत लिहावे. कापूस वेचताना बोंडाखाली काय सापडले, हाही विषय चालतो.

मग पाच मिनिटे मुलांना आपापल्या भाषेत बोलू द्यावे. त्यांच्या बोलण्यातले आठदहा शब्द इंग्रजीत फळ्यावर मांडावेत. त्यानंतर प्रत्येकाने पाच वाक्ये लिहावीत. शब्द अडला तर घरचाच शब्द घालावा. लिहिताना कोणी टोकू नये.

तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक घ्यावी. ‘मी बाजारात गेलो’ याचे मूल ‘आय मार्केट वेंट’ करते. कारण आपल्या या सर्व भाषांत क्रियापद शेवटी येते. आपल्याला भूक ‘लागते’. इंग्रजीत माणूसच भुकेला ‘असतो’. मुलाला हा फरक दाखवावा, त्याला ‘ढ’ ठरवू नये.

आमच्या भागाला हा विचार नवा नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षण उर्दूतून होते. त्याच काळात, १९४३ साली, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मर्लावाई येथे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. मुलाच्या घरापासून आरंभ करावा, हाच त्याचा बोध.

संस्थेने वह्या वाटताना प्रत्येक मुलास एक जादा वही द्यावी, जिच्यावर कधीही गुण पडणार नाहीत, अशी आमची विनंती आहे. पालकांनीही ‘किती गुण मिळाले?’ एवढेच न विचारता ‘आज काय लिहिलेस, वाचून दाखव’ असे म्हणावे. इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. मूल अर्थ सांगेल. उद्या अर्ज लिहायची वेळ येईल तेव्हा त्याला दुसऱ्याच्या दाराशी कागद घेऊन उभे राहावे लागू नये, यासाठी आजची ही पाच वाक्ये.